गल्लीत सावली पायजे? मग आधी कळशीचा हिशोब मांडा

पहिल्या वेळी आम्ही गल्लीत चाळीस झाडं लावली होती. जुलैचा पहिला आठवडा, बॅनर, टोप्या, एका संस्थेनं दिलेली रोपं, फोटो, भाषण, नंतर भजी आणि चहा. फोटो चालू असताना कोपऱ्यावरच्या अक्का सुपात पानं घेऊन विडी वळत बसल्या होत्या, त्यांनी मान वर न करता विचारलं, "झाडं लावायलाव ओ तुम्ही, पाणी कोण घालायचं?" सगळे हसले. पुढच्या मे महिन्यात मोजायला गेलो तर तीन झाडं जिवंत. त्यातली दोन अक्कांच्या भांडी घासायच्या मोरीजवळची आणि एक करंज, कारण करंजाला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. म्हणजे आमच्या मेहनतीनं जगलेलं झाड एकही नाही.

त्यानंतर दुसऱ्यांदा लावली ती फक्त बारा, आणि त्यातली नऊ उभी आहेत, तीन मेलेली परत लावली. हा लेख त्या दुसऱ्या वेळेवरनं लिहितोय. सोलापुरात, त्यातही पूर्व भागात, जिथं घराला घर आणि मागाला माग लागलाय, वर पत्रा आहे, पाणी काही दिवसांआड येतं आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जाऊन टेकतो, तिथं सावली आणायची तर काय काय करावं लागतं ते एकेक करून सांगतो. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आधी उन्हात जाऊन उभं राहा

रोपं आणायच्या आधी एक काम करा, एप्रिलमधल्या कुठल्याही दिवशी दुपारी दीड ते साडेतीन आपल्या भागात चक्कर मारा, हातात वही. उन्हात कोण थांबलंय, का थांबलंय, किती वेळ, एवढंच लिहायचं. आम्हाला काय दिसलं सांगतो. वळलेल्या विड्या जमा करायला निघालेल्या बायका, टोपली डोक्यावर, विडी कारखान्याच्या ब्रँचबाहेर रांगेत. रिक्षा स्टॉप. शाळेच्या गेटबाहेर पोरं न्यायला आलेल्या आज्या. हातगाडीवर केळी विकणारे एक काका, जे सावली सरकेल तशी गाडी सरकवत होते आणि शेवटी सावली संपल्यावर गाडीच्या खाली बसले. आणि चौकात काम मिळायची वाट बघून बघून तिथंच डबा खाणारे मजूर.

आता हीच वही घेऊन रेल्वे लाईन्स किंवा सात रस्त्याकडं जावा. जुन्या बंगल्यांच्या बाजूला मोठमोठी झाडं, रस्त्यावर गारवा, पण फुटपाथवर उन्हात उभं असलेलं माणूस कमी, कारण तिकडची माणसं गाडीत नाहीतर घरात. ज्याला सावलीची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्याच डोक्यावर झाड नाही, हे कुठल्या रिपोर्टात वाचायची गरज नाही, दोन तास पायी फिरलं की टाळूला कळतं.

वहीतल्या नोंदी एका मोठ्या कागदावर गल्लीच्या नकाशावर खुणा करून टाका. जिथं खुणांची गर्दी तिथं झाड. जिथं फोटो चांगला येतो तिथं नाही. आमच्या पहिल्या चाळीसपैकी निम्मी झाडं रिकाम्या कंपाउंडच्या कडेनं होती, तिथं खड्डे खोदायला सोपं गेलं म्हणून!

मीटिंग कधी घ्यायची, कुठल्या भाषेत

रविवारी सकाळी अकराला मीटिंग ठेवली की रिटायर्ड काका आणि आमच्यासारखे चार हौशी येतात. ज्यांना विचारायचंय ते येत नाहीत. यंत्रमागावरची माणसं पाळी संपवून झोपलेली असतात, बायकांचा पाण्याचा दिवस असेल तर विषयच संपला. आम्ही शेवटी मीटिंग घ्यायचीच सोडून दिली, विडी जमा करून बायका परत आल्या की संध्याकाळी कट्ट्यावर बसतात तिथं जाऊन बसलो, आणि पुरुषांसाठी पाळी बदलायच्या वेळेला चहाच्या टपरीवर. दोन वेगळ्या बैठका, नकाशाचा कागद एकच.

भाषेचं विसरू नका. आमच्या गल्लीत तेलुगू, कानडी, मराठी, उर्दू सगळं आहे आणि मराठी सगळ्यांना समजते हे खरं, पण तक्रार माणूस आपल्या भाषेतच मोकळी करतो. मराठीत विचारलं तर "हो हो लावा की, चांगलंय" एवढंच मिळालं, आणि शेजारच्या पोरीनं तेलुगूत विचारल्यावर खरा मुद्दा निघाला की मागच्या वेळेस संडासच्या टाकीवरच खड्डा खोदला होता आणि फरशी फुटली, त्याचे पैसे कोणी दिले नाहीत. हे आम्हाला माहीतच नव्हतं!

हरकती सगळ्या लिहून घ्या, कुठलीच फालतू समजू नका. पाला कोण झाडणार (बाईच झाडणार, म्हणून बाई नको म्हणते). दारासमोर उंबर-पिंपळ नको. चिंचेवर भूत असतं. फांदीवरनं चोर गच्चीवर येतो. रिक्षा कुठं लावायची. मुळं ड्रेनेजमध्ये घुसतात. यातल्या निम्म्या हरकती जागा चार फूट सरकवली की मिटतात. चिंचेच्या भुताशी मात्र वाद घालू नका, दुसरं झाड घ्या.

आणि एक ठरवून टाका, झाड लावल्यावर हातगाडीवाल्याला कोणी उठवायचं नाही. हे आधी बोलून ठेवावंच लागतं, कारण जागा जरा छान दिसायला लागली की "इथं गाडी शोभत नाही" म्हणणारा एक जण निघतोच. केळीवाल्या काकांची गाडी मावेल एवढी जागा आम्ही खड्डा आखतानाच सोडली. आज त्या झाडाला सगळ्यात जास्त पाणी तेच घालतात, सांगावं लागत नाही.

कळशीचा हिशोब

आता मेन गोष्ट. पहिल्या तीन उन्हाळ्यांत लहान झाडाला आठवड्यातनं दोनदा साधारण १५ लिटर पाणी लागतं असं धरा. बारा झाडं गुणिले १५ गुणिले २ म्हणजे आठवड्याला ३६० लिटर, दोन बॅरलला थोडं कमी. तीस घरांत वाटलं तर घरामागे १२ लिटर. म्हणजे आठवड्याला एक कळशी. हे ऐकल्यावर लोकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, कारण "झाडांना पाणी" म्हटलं की आधी टँकर डोळ्यांसमोर येतो.

चाळीस झाडांचा हिशोब करून बघा, आठवड्याला १२०० लिटर. त्याच तीस घरांत प्रत्येकी ४० लिटर, तीन कळशांच्या वर, तेही ऐन मे महिन्यात. कोण देणार? म्हणून झाडं किती लावायची हे रोपं किती मिळाली यावर नाही, कळशा किती मिळणार यावर ठरवा. फुकट मिळतात म्हणून दोनशे रोपं उचलून आणणाऱ्या उत्साही मित्राला प्रेमानं थांबवा.

पण सगळ्यांनी सारखी कळशी द्यायची यात न्याय नाही. ज्याच्या घरी बोअर आहे, गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी आहे, त्याची कळशी आणि जी भाडेकरू बाई सार्वजनिक नळावर रात्री दोन वाजता उठून पाणी भरते तिची कळशी एक नाही. आम्ही तीन रांगा केल्या. बोअर किंवा मोठी टाकी असणाऱ्यांकडनं तीन कळशा, घरचा नळ असणाऱ्यांकडनं एक, आणि सार्वजनिक नळावर भरणाऱ्यांकडनं शून्य. त्यांनी काहीच दिलं नाही तरी सावली त्यांचीच, हे तोंडानं स्पष्ट सांगितलं. गंमत म्हणजे त्यांच्यातल्या दोघी-तिघी आपणहून भाज्या धुतलेलं पाणी आणून ओततात.

पाणी कुठलं चालतं ते पण बघून घ्या. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं एक नंबर. नळाच्या दिवशी टाकी वाहते ते उत्तम, पूर्वी गटारात जायचं. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी क्षारानं भरलेलं असतं, तेवढंच रोज घातलं तर मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा जळतात, त्यामुळं अर्धं साधं पाणी मिसळून आणि तेही एकाच झाडाला सारखं नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी बरंचसं जड, तिथंही हेच. साबण-निरम्याचं पाणी नको. आणि डाईंगचं रंगीत पाणी कितीही फुकट मिळो, थेंबभर सुद्धा नको.

पाणी वाहून कोण नेणार हेही त्याच दिवशी ठरवा, नाहीतर ते आपोआप बायकांच्या आणि आठवीतल्या पोरींच्या गळ्यात पडतं. आमच्याकडं जुन्या ट्रॉलीवर बॅरल बांधलंय आणि ते ढकलायची पाळी पोरांची, म्हणजे मुलांची, मुद्दाम. भिंतीवर खडूनं तक्ता आहे. ज्याची पाळी चुकली त्याच्या नावापुढं काही लिहीत नाही, नुसती जागा मोकळी राहते, तेवढं पुरतं.

खड्डा

खोदायच्या आधी चावीवाल्याला गाठा. नळ सोडणारा हा माणूस जमिनीखालचं सगळं जाणतो, पाण्याची लाइन कुठनं जाते, जुनी बंद पडलेली कुठली, ड्रेनेजचा चेंबर कुठल्या फरशीखाली दडलाय. त्याच्याबरोबर चुन्यानं खुणा करून घ्या. वरती तारा बघा, लाइटच्या तारेखाली वड-पिंपळ-कडुनिंब लावलं की दर पावसाळ्याआधी त्याचं मुंडकं उडणार. तारेखाली पारिजातक, कण्हेर, तगर असली बुटकी मंडळी.

खड्डा एप्रिल-मेमध्येच खोदा, तीन बाय तीन बाय तीन फूट जमला तर फार छान, गल्लीत नाहीच जमला तर दोन बाय दोन पण खोली कमी करू नका. महिनाभर उन्हात तापू द्या. काळी माती लागली तर थोडा मुरूम आणि शेणखत मिसळा, कारण नुसती काळी माती पावसात चिकट होऊन पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तोडते. उलट खाली कडक मुरूम लागला तर खड्ड्याच्या भिंतींना पहारीनं आडवे घाव घालून ठेवा, नाहीतर खड्डा म्हणजे नुसती कुंडी होते, मुळं आतल्या आत गोल फिरतात आणि झाड पाचव्या वर्षी वादळात आडवं. दोन घमेली शेणखत, मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड, बाकी वरची माती.

खोदायला माणूस लावला तर मजुरी द्या. "समाजकार्य आहे" म्हणून गरिबाकडनं फुकट पहार मारून घ्यायची आणि आपण सेल्फी काढायची, हे मला तरी पटत नाही.

कुठलं झाड

सोलापूरचा पाऊस तसा बेताचाच, त्यामुळं इथलीच नाहीतर इथं कधीचीच रुळलेली झाडं. सावलीसाठी कडुनिंब, करंज, शिरीष, जागा भरपूर असेल तर वड आणि चिंच. मधेमधे बहावा, आपटा, शमी. मैदानाच्या कडेला बोर, कवठ, सीताफळ, पोरं खातील, पक्षी खातील. गुलमोहर दिसतो छान पण मूळचा मादागास्करचा आणि वाऱ्यात फांद्या टाकतो. सुबाभूळ आणि कॉनोकार्पस लवकर वाढतात म्हणून कोणी देत असेल तर नमस्कार करून परत करा.

इथं एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. झाडांची यादी घेऊन कट्ट्यावर बसलो होतो तेव्हा एक आजी म्हणाल्या, ते सगळं राहू दे, तंगेडु लावणार का? मला कळेना. मग कळलं तंगेडु म्हणजे आपला तरवड, माळावर रस्त्याकडेला पिवळ्या फुलांनी भरतो तो. नवरात्राच्या दिवसांत तेलुगू घरांत बतुकम्मा मांडतात, ताटात फुलांचे थर रचून, त्यात तंगेडुची फुलं आणि कुरडूचे तुरे लागतातच. पूर्वी गावाबाहेर पाच मिनिटं चाललं की मिळायची, आता तिथं प्लॉट पडले, फुलं विकत आणायला लागतात. तरवड तर बिनखर्ची झुडूप, पाणी जवळपास मागत नाही, शेळ्या फारशा खात नाहीत, तारेखाली चालतं. आमच्या यादीत नव्हतंच ते! आम्ही सावली सावली करत बसलो होतो आणि त्यांना सण पायजे होता. गल्लीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना पंधरा तरवड लावले, बियांपासनं, खर्च शून्य. बारा झाडांपैकी एखादं मेलं तर लोक हळहळतात, पण तरवडाला कोणी हात लावला तर त्या आजी काठी घेऊन बाहेर येतात.

कधी लावायचं

जूनमध्ये पर्यावरण दिन असतो म्हणून जूनमध्ये लावायचं, हे सोलापूरला लागू पडत नाही. आपल्याकडं मृग कधी बरसतो कधी नुसता गडगडतो, मग जुलैत मोठी उघडीप पडते आणि कोवळं रोप तिथंच वाळतं. आपला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात, परतीचा. टँकर किंवा कळशीची हमी असेल तर जुलै चालेल, नसेल तर ऑगस्टच्या शेवटी एक चांगला पाऊस झाला, हातभर ओल गेली, की लावा. आमची दुसरी बॅच गणपतीच्या आसपास लावली होती.

रोप पाच-सहा फूट उंचीचं, बुंधा अंगठ्याएवढा. पिशवी फाडूनच लावायची, हसू नका, मेलेली झाडं उपटली तेव्हा निम्म्यांच्या खाली काळी पिशवी तशीच होती. मुळं तळाशी गोल वळली असतील तर ब्लेडनं ती वेटोळी कापून टाका. बुंधा नर्सरीत जेवढा मातीत होता तेवढाच, जास्त खोल नाही. काठीला सुती पट्टीनं सैल बांधा, तारेनं नको.

माठ आणि कात्रण

पाणी ओतलं की बरंचसं वाफ होऊन जातं, म्हणून रोपापासनं दीड फुटावर माठ पुरा, तोंड तेवढं वर. नवीन माठ आपोआप पाझरतो. पण घरोघरी मिळतो तो मागच्या उन्हाळ्यातला जुना, आणि जुना माठ का टाकतात तर तो गार करत नाही, आणि गार का करत नाही तर त्याची छिद्रं क्षारानं बुजलेली असतात. तसाच पुरला तर पाणी आतच राहतं आणि डास होतात. मग खिळ्यानं बुडाला एक भोक पाडायचं आणि त्यातनं सुताची वात ओवायची. सूत आपल्याकडं काय कमी आहे होय! मागावरचं वाया गेलेलं कॉटनचं सूत बोटाएवढं जाड पिळून घ्या, पॉलिस्टर नको, ते कॉटनसारखं पाणी शोषत नाही. वात भोकात घट्ट बसली पाहिजे, सैल असेल तर माठ तासाभरात रिकामा. आमचे पहिले दोन असेच गेले. बरोबर जमला तर दहा लिटर दोन-तीन दिवस पुरतं. तोंडावर परळ झाकून वर दगड.

आळ्यात मातीवर तीन-चार इंच आच्छादन हवंच. ऊसाचं पाचट मिळालं तर छान. आमच्याकडं त्याहून हाताशी काय होतं तर विडीच्या पानांची कात्रण. पान कापून उरलेल्या कडा पोत्यानं निघतात, बायका चुलीला लावतात किंवा कचऱ्यात. तंबाखू न लागलेली ही कात्रण ओली करून पसरली की उडत नाही आणि खाली माती गार राहते. बुंध्याला चिकटून टाकू नका, चार बोटं जागा सोडा. झाडलेला पाला पण इथंच टाका, जाळू नका. उघड्यावर कचरा जाळला तर राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्येच पाच हजार रुपये दंड सांगितलाय, पण दंडापेक्षा हे आठवा की त्या धुराच्या शेजारी कुणाचं तरी दम्याचं म्हातारं झोपलेलं असतं.

शेळ्या

शेळ्यांवरनं आमच्यात सगळ्यात मोठं भांडण झालं. कोणीतरी म्हणालं शेळ्या बांधायला लावा नाहीतर तक्रार करू. ज्यांच्या शेळ्या त्या दोन विधवा बाया, तोच त्यांचा संसार. भांडण दोन महिने चाललं, एक रोप रात्री मोडलेलं सापडलं, कोणी ते सांगायची गरज नाही. शेवटी तोडगा असा निघाला की रोपांभोवतीचे गार्ड पाच फूट उंच करायचे, आणि मोठ्या झाडांची छाटणी होईल तेव्हा शेवरी-बाभळीचा पाला आधी त्यांच्या दारात टाकायचा. आता शेजारच्या गल्लीतली शेळी आली की हाकलायला त्याच दोघी पुढं. गार्ड लोखंडी महाग पडतो आणि चोरीला जातो, बांबूचा चालतो, बोराटीच्या फांद्या गुंडाळल्या तर अजून बरं.

कागद

रस्त्याकडेला किंवा ओपन स्पेसमध्ये लावायचं तर महापालिकेच्या उद्यान विभागाला आणि आपल्या झोन ऑफिसला साधा अर्ज द्या. जागा, झाडांची संख्या, जाती, पाणी कोण घालणार, आणि सोबत तो नकाशाचा फोटो. एक प्रत स्वतःकडं, तिच्यावर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. अर्जावर सह्या करताना गल्लीतल्या भाडेकरूंच्या पण घ्या, नुसत्या घरमालकांच्या नको.

आपल्या लेआउटची ओपन स्पेस कुठाय हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. २०२० च्या राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीत चार हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या लेआउटला १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. मंजूर नकाशा माहितीच्या अधिकारात मागा, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. नकाशावर बाग आणि जागेवर वाळूचा ढीग असं निघालं तर एकट्यानं भांडायला जाऊ नका, सह्यांचा कागद पुढं करा. आणि बाग असेल तर तिचं टायमिंग बघा. सकाळी दहा ते दुपारी चार कुलूप म्हणजे जॉगिंगवाल्यांसाठी उघडी आणि उन्हातल्या मजुरासाठी बंद. दुपारी उघडी ठेवा, पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी वापरता येईल असं स्वच्छतागृह, या तीन मागण्या अर्जात घालाच.

जुनं झाड तुटत असेल तर १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्ष जतन कायदा आहे, शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड हे हेरिटेज झाड धरतात, आणि तोडलंच तर त्या झाडाच्या वयाएवढी झाडं लावायची. त्यामुळं आपल्या भागातल्या जुन्या झाडांचे फोटो, बुंध्याचा घेर टेपनं मोजून, तारखेसकट आत्ताच काढून ठेवा. झाड गेल्यावर वय सिद्ध करत बसायला लागतं. बुंध्याला पेव्हर ब्लॉक आवळलेत तेही टिपा, दिल्लीतल्या प्रकरणात हरित लवादानं २०१३ मध्ये झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करायला सांगितलं होतं, अर्जात तो दाखला द्यायला उपयोगी पडतो.

पैशाचं थोडक्यात. निगा राखणं हे काम आहे, कामाला दाम. अमृत २.० या शहरांच्या पाण्यासाठीच्या केंद्राच्या योजनेत बचतगटाच्या बायकांकडं झाडं लावणं-जगवणं सोपवायची 'वुमन फॉर ट्रीज' मोहीम २०२५ मध्ये सुरू झाली, ती अजून चालू आहे का आणि आपल्या भागातल्या गटाला त्यात घेता येईल का हे महापालिकेत विचारा. तोवर आमची वर्गणी घरटी महिना वीस रुपये, शून्य कळशीवाल्यांना शून्य रुपये, आणि वही कट्ट्यावरच असते, कोणीही उघडून बघावी.

तळी आणि माळ

तळ्यावर काम करायचं असेल तर वेगळा लेख लागेल, पण एवढं सांगतो. सिद्धेश्वर तळं, संभाजी तलाव म्हणजे आपला कंबर तलाव, हिप्परग्याचा एकरुख तलाव, कुठंही स्वच्छतेला जाताना तिथं मासे धरणारे, कपडे धुणारे, गुरं पाजणारे यांना आधी विचारा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सिद्धेश्वर तळं लोकांच्या हातांनीच खोदवून घेतलं असं आपण अभिमानानं सांगतो, मग आज त्या काठावरच्या लोकांना बाजूला करून ते कसं राखणार? पोरांना घेऊन हिवाळ्यात पक्षी मोजा, फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट म्हणजे जगभर पक्षी मोजायचा उपक्रम असतो, ईबर्ड या वेबसाइटवर नोंद टाकता येते, वीस मिनिटांचं काम.

आणि माळावर झाडं लावायला जाऊ नका, हे जरा ठासून. शहरापासनं वीसेक किलोमीटरवर नान्नजला १९७९ पासनं माळढोक अभयारण्य आहे. माळढोक, काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, ही सगळी मंडळी उघड्या गवताची. आपल्याला ते ओसाड वाटतं, त्यांचं ते घर आहे. तिथं जाऊन हजारो रोपं ठोकली की झाडंही नीट येत नाहीत आणि गवतही जातं. ज्याला एवढी हौस आहे त्यानं एमआयडीसीतल्या कामगारांच्या बसस्टॉपवर एक कडुनिंब जगवून दाखवावं.

तिसऱ्या वर्षानंतर

तिसऱ्या उन्हाळ्यानंतर पाणी एकदम तोडू नका, आठवड्यातनं एकदा, मग पंधरा दिवसांनी असं करत आणा. जे झाड मेलं त्याच्या जागी लगेच सप्टेंबरात दुसरं, रिकाम्या आळ्यात लोक कचरा टाकायला आठवडा लावत नाहीत. बुंधा मनगटाएवढा झाला की काठी आणि बांधलेली पट्टी काढा, नाहीतर ती सालीत रुतते, आमच्या एका करंजाला अजून कंबरपट्टा घातल्यासारखा वण आहे. आणि गार्ड झाडाला टेकायच्या आधीच सोडवून घ्या. आमचे चार बांबूचे गार्ड या वर्षी मोकळे झाले, ते पलीकडच्या गल्लीनं मागितलेत. द्यायच्या आधी अक्कांनी त्या गल्लीतल्या पोरांना एकच प्रश्न विचारला, कुठला ते तुम्हाला माहीतच आहे. पोरांनी अजून उत्तर आणलेलं नाही, त्यामुळं गार्ड सध्या माझ्या गच्चीवर पडून आहेत.